उमेदवार निवडणारा मतदार कोण? : अमेरिकेतील प्रायमरी आणि पक्षनोंदीचे कायदे

भारतात एखाद्या पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे शेवटी एबी फॉर्मवरून ठरते. तो फॉर्म कोणाच्या हाती द्यायचा याचा निर्णय पक्षाचे संसदीय मंडळ किंवा पक्षप्रमुख घेतात, आणि त्या निर्णयात सामान्य मतदाराला तर सोडाच, पण वर्षानुवर्षे सतरंज्या उचललेल्या सदस्यालाही कायद्याने मत देता येत नाही. अमेरिकेत हाच निर्णय बहुतांशी मतपेटीतून होतो. नोव्हेंबरातील सार्वत्रिक निवडणुकीच्या काही महिने आधी प्रत्येक राज्यात ‘प्रायमरी’ म्हणजे प्राथमिक निवडणूक होते. सरकारी मतदान केंद्रांवर, सरकारने छापलेल्या मतपत्रिकांवर आणि बहुधा सरकारी खर्चाने होणाऱ्या या मतदानातून डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षांचे उमेदवार ठरतात, आणि पक्षश्रेष्ठींना ते आवडोत वा न आवडोत, मतपत्रिकेवर त्यांचेच नाव छापले जाते. साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहतो तो असा, की पक्षाचा उमेदवार निवडण्याचा अधिकार असलेला हा मतदार नेमका कोण, त्याला त्या पक्षाचा म्हणायचे ते कशावरून, आणि तो तसा आहे हे कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरवायचे.

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो तसा नाही. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ मतदारसंघांपैकी बहुसंख्य मतदारसंघ कोणत्या तरी एका पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की तेथे नोव्हेंबरचा निकाल आधीच ठाऊक असतो, आणि म्हणून खरी निवड त्या वर्चस्व असलेल्या पक्षाच्या प्रायमरीतच होते. अशा मतदारसंघात ज्याला प्रायमरीत मत नाही त्याच्या हाती नोव्हेंबरात फक्त शिक्कामोर्तब उरते. शिवाय गॅलप संस्थेच्या २०२४ सालच्या पाहण्यांनुसार सुमारे ४३ टक्के अमेरिकन नागरिक स्वतःला कोणत्याच पक्षाचे मानत नाहीत, म्हणजे प्रायमरीच्या दारात अडवला जाऊ शकणारा मतदार हा अपवाद नसून समाजाचा फार मोठा भाग आहे.

पक्षाच्या अंतर्गत कारभारात राज्यसंस्था शिरली कशी, हे समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते. त्याआधी अमेरिकेत मतपत्रिका पक्षच छापत. आपापल्या उमेदवारांच्या नावांची चिठ्ठी कार्यकर्ते मतदाराच्या हातात कोंबत आणि ती पेटीत पडते की नाही यावर नजर ठेवत. १८८८ पासून मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांनी ऑस्ट्रेलियातील पद्धत उचलली आणि सरकारने छापलेली, सर्व उमेदवारांची नावे असलेली गुप्त मतपत्रिका सुरू झाली. मात्र सरकार मतपत्रिका छापणार म्हटल्यावर कोणत्या पक्षातर्फे कोणाचे नाव छापायचे हेही सरकारला कायद्याने ठरवावे लागले. त्या काळी उमेदवारी बंद खोल्यांतील बैठकांमध्ये आणि हुकमी प्रतिनिधींच्या अधिवेशनांमध्ये ठरत असे, आणि त्यामागे रेल्वे व लाकूड कंपन्यांचा पैसा असे, अशी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांची तक्रार होती. त्यांच्या प्रयत्नाने १९०३ साली त्या राज्यात प्रायमरीचा कायदा झाला, १९०४ साली मतदारांनी त्याला मान्यता दिली आणि १९०६ साली तो प्रथम अमलात आला. पुढच्या दहाबारा वर्षांत बहुतेक राज्यांनी हाच मार्ग धरला. अध्यक्षपदाच्या बाबतीत मात्र जुनी पद्धत बराच काळ टिकली. १९६८ साली उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवली, पक्षाच्या शिकागो येथील अधिवेशनात आणि बाहेर रस्त्यावर जो क्षोभ उसळला त्यानंतर पक्षाने नियम बदलले, आणि तेव्हापासून प्रायमरी हाच अध्यक्षपदाचाही राजमार्ग झाला.

प्रायमरीला कायद्याचे रूप मिळाल्यावर मतदाराची पक्षनोंद आली. पक्षनोंद म्हणजे पक्षाचे सदस्यत्व नव्हे, हे भारतीय वाचकाने प्रथम लक्षात घ्यावे लागते. तिच्यासाठी वर्गणी नाही, शिफारस नाही, पक्षाच्या कार्यालयात जाणे नाही. मतदार म्हणून नाव नोंदवताना जो सरकारी अर्ज भरायचा त्यातच पक्षांच्या नावांपुढे चौकटी असतात आणि त्यांतील एकीत खूण करायची किंवा पक्ष नको असे कळवायचे. पक्षाला ती खूण सहसा नाकारता येत नाही. सुमारे तीस राज्यांत अशी नोंद ठेवली जाते, उरलेल्या राज्यांत ती मुळीच नाही. ज्या राज्यांत केवळ त्या पक्षाची नोंद असलेल्यांनाच मत देता येते तेथील प्रायमरी बंद म्हणवली जाते. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, पेन्सिल्व्हेनिया ही त्याची मोठी उदाहरणे. जेथे कोणालाही मतदानाच्या दिवशी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका घेता येते ती खुली. विस्कॉन्सिन आणि मिशिगन त्यांत मोडतात. या दोन टोकांमध्ये अनेक छटा आहेत. न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न नोंदवलेला मतदार केंद्रावर येऊन एका पक्षाची मतपत्रिका घेतो, त्या क्षणी तो त्या पक्षाचा होतो, आणि मत दिल्यावर तेथेच एका कागदावर सही करून पुन्हा बिनपक्षाचा होऊन घरी जाऊ शकतो. टेक्ससमध्ये पक्षनोंद नाही, पण ज्या पक्षाच्या प्रायमरीत मत दिले त्याचा तो मतदार त्या वर्षापुरता मानला जातो आणि त्याला दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत भाग घेता येत नाही.

या सगळ्या प्रकारांच्या वर्गवारीत अभ्यासकांचे बरेच लक्ष जाते, पण मतदाराच्या दृष्टीने दार खुले की बंद यापेक्षा ते कोणत्या तारखेला बंद होते हे अधिक निर्णायक ठरते. न्यूयॉर्क राज्याचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथे पूर्वी असा नियम होता की प्रायमरीत मत द्यायचे असेल तर त्याआधीच्या सार्वत्रिक निवडणुकीच्याही ३० दिवस आधी पक्षनोंद केलेली असावी, म्हणजे प्रत्यक्ष मतदानाच्या आठ ते अकरा महिने अगोदर. हा नियम सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, १९७३ साली रोझारिओ विरुद्ध रॉकफेलर या खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरला. विरोधी पक्षाच्या मतदारांनी ऐन वेळी घुसून उमेदवारी बिघडवू नये हा राज्याचा हेतू न्यायालयाने रास्त मानला. पुढे २०१६ साली १९ एप्रिलच्या अध्यक्षीय प्रायमरीसाठी पक्ष बदलण्याची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजीच संपली होती, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हान्का व एरिक या दोन अपत्यांनाही ती न पाळल्यामुळे स्वतःच्या वडिलांना मत देता आले नाही. ही बातमी तेव्हा गमतीने सांगितली गेली, परंतु त्याच नियमापायी डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणाऱ्या बर्नी सँडर्स यांना मत देऊ इच्छिणारे असंख्य बिनपक्षाचे तरुण मतदार केंद्रावरून परत फिरले. २०१९ साली कायदा बदलून ही मुदत प्रायमरीच्या वर्षातील १४ फेब्रुवारीपर्यंत पुढे आणली गेली.

ही सुधारणा पुरेशी होती का, याचे उत्तर २०२५ सालच्या न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदाच्या निवडणुकीत पाहता येते. डेमोक्रॅटिक प्रायमरी २४ जूनला होती. फेब्रुवारीच्या मध्यावर, पक्षनोंद बदलण्याची मुदत संपली तेव्हा, पुढे विजयी झालेले झोहरान ममदानी जनमत चाचण्यांत बरेच मागे होते आणि त्यांचे प्रमुख प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो यांनी तर आपली उमेदवारी जाहीरही केलेली नव्हती; ती त्यांनी १ मार्चला केली. म्हणजे शहरातील दहा लाखांहून अधिक बिनपक्षाच्या मतदारांनी या लढतीत भाग घ्यायचा की नाही हे लढत कोणात होणार ते कळण्यापूर्वीच ठरवणे कायद्याला अपेक्षित होते. यातला सर्वांत बोचरा भाग असा की नव्याने नाव नोंदवणाऱ्याला जूनच्या मध्यापर्यंत पक्ष निवडण्याची मुभा होती, पण वीस वर्षे त्याच गल्लीत राहून पक्षाची चौकट कोरी ठेवलेल्या मतदाराला ती नव्हती. राज्याने मतदाराला त्याचा पक्ष विचारावा, यात गैर काही नाही. पण उमेदवार कोण हे ठाऊक होण्याआधी तो प्रश्न विचारून नंतर उत्तर बदलू न देणे याला पक्षाचे संरक्षण म्हणता येत नाही, ती मतदाराची अडवणूकच होय.

हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेले की चित्र पालटते. एडिसन आणि आसपासच्या गावांत भारतीय, आणि त्यांत मराठीही, कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर मतदार नोंदणीचा अर्ज भरताना पक्षाची चौकट कोरी सोडणारे त्यांच्यात पुष्कळ असतात, कारण सरकारी कागदावर आपला पक्ष लिहून देणे भारतातून आलेल्या माणसाला स्वाभाविकपणे खटकते. न्यू जर्सीत अशा मतदाराला प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष जाहीर करून मत देता येते, मात्र ज्याने आधी एखादा पक्ष नोंदवला आहे त्याला तो बदलायचा असल्यास ५५ दिवस आधी बदलावा लागतो. नदीच्या पूर्वेला, क्वीन्समध्ये राहणाऱ्या त्याच्या नातेवाइकाने तीच चौकट कोरी ठेवली असेल तर तो जूनमध्ये घरी बसतो.

कॅलिफोर्नियात या चौकटीनेच एक वेगळा घोटाळा केला. तेथे १९६८ साली वर्णभेदाचे समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभा राहिलेला ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा अतिउजवा पक्ष आजही मतदार नोंदणीच्या अर्जावर आहे. आपण स्वतंत्र मतदार आहोत असे सांगू पाहणाऱ्या लोकांनी नावातला ‘इंडिपेंडंट’ शब्द पाहून त्या चौकटीत खूण केली, आणि २०१६ साली त्या पक्षाच्या नावे साडेचार लाखांहून अधिक मतदार होते. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने त्या वर्षी केलेल्या पाहणीत त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश लोकांना आपण कोणत्या पक्षात आहोत याची कल्पनाच नव्हती. हे केवळ नावापुरते राहिले नाही, कारण बिनपक्षाच्या मतदाराला डेमोक्रॅटिक प्रायमरीची मतपत्रिका मागता येत होती, पण दुसऱ्या पक्षाची नोंद असलेल्याला ती मिळत नव्हती. अर्जावरच्या एका खुणेत मतदाराची राजकीय इच्छा पकडता येते या गृहीतकावर सगळी पक्षनोंद उभी आहे, आणि ते गृहीतक किती कच्चे आहे हे या प्रकाराने दाखवून दिले.

पक्षनोंदीच्या कायद्यांवरचा वाद मात्र याहून फार जुन्या आणि फार काळ्या इतिहासाच्या छायेत चालतो, आणि तो इतिहास सविस्तर सांगितल्यावाचून आजची न्यायालयीन भाषा कळत नाही. यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाची एकछत्री सत्ता होती, त्यामुळे त्या पक्षाची प्रायमरी जिंकणे म्हणजेच निवडून येणे होते. टेक्ससच्या विधिमंडळाने १९२३ साली सरळ कायदाच केला की कृष्णवर्णीय नागरिकाला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत देता येणार नाही. एल पासो शहरातील डॉ. लॉरेन्स निक्सन हे कृष्णवर्णीय डॉक्टर १९२४ च्या जुलैत मतदान कराची पावती घेऊन केंद्रावर गेले; केंद्रावरचे अधिकारी त्यांना ओळखत होते, तरी मत नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली तो कायदा एकमताने रद्द केला. टेक्ससने मग कायद्यातून वर्णाचा उल्लेख काढला आणि मतदार कोण हे ठरवण्याचा अधिकार पक्षाच्या कार्यकारी समितीला दिला. समितीने लगेच फक्त गोऱ्यांना मत देण्याचा ठराव केला. डॉ. निक्सन पुन्हा न्यायालयात गेले आणि १९३२ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, पुन्हा जिंकले, कारण समितीला तो अधिकार राज्याच्या कायद्याने दिलेला होता. त्यावर राज्याने तो कायदाही काढून घेतला आणि पक्षाच्या राज्य अधिवेशनाने स्वतःहून तोच ठराव केला. आता ह्यूस्टनमधील ग्रोव्ही नावाच्या केशकर्तनकाराने दाद मागितली, आणि १९३५ साली न्यायालयाने एकमताने सांगितले की पक्ष ही खाजगी संघटना आहे, तिने कोणाला आत घ्यावे हा तिचा प्रश्न.

हा निकाल नऊ वर्षे टिकला. ३ एप्रिल १९४४ रोजी स्मिथ विरुद्ध ऑलराइट या खटल्यात, ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या बाजूने, न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने तो फिरवला. स्मिथ यांच्या वकिलांमध्ये थर्गुड मार्शल होते, जे पुढे त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. निर्णयाचा गाभा असा होता की राज्याच्या कायद्यानुसार चालणारी आणि राज्याच्या मतपत्रिकेवर कोण येणार हे ठरवणारी प्रायमरी ही निवडणुकीचाच भाग आहे, म्हणून तेथे वर्णावरून केलेला मज्जाव हा राज्यानेच केलेला मज्जाव ठरतो. त्याच जुलैत डॉ. निक्सन यांनी, पहिल्यांदा परतवले गेल्यानंतर २० वर्षांनी, डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिले. तरीही टेक्ससच्या फोर्ट बेंड काउंटीत १८८९ पासून चालत आलेल्या ‘जेबर्ड’ नावाच्या गोऱ्यांच्या मंडळाने प्रायमरीच्याही आधी स्वतःची खाजगी निवडणूक घेणे चालू ठेवले, तिच्यात जिंकलेला माणूसच पुढे प्रायमरीत आणि नोव्हेंबरात निवडून येत असे, आणि हा शेवटचा अडसर काढायला १९५३ सालचा आणखी एक निकाल लागला. खाजगीपणाचा मुखवटा किती थरांचा असू शकतो हे या तीस वर्षांनी शिकवले आहे. आज कोणी पक्षाच्या संघटनस्वातंत्र्याचा दाखला देतो तेव्हा हा भूतकाळ विसरून तो ऐकता येणार नाही.

तो दाखला निराधारही नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. समान विचारांच्या लोकांनी एकत्र येऊन आपला प्रतिनिधी निवडावा आणि त्या निवडीत विरोधकांनी ढवळाढवळ करू नये, ही अपेक्षा लोकशाहीला धरूनच आहे. कनेक्टिकटमध्ये १९८० च्या दशकात रिपब्लिकन पक्षालाच बिनपक्षाच्या मतदारांना आपल्या प्रायमरीत बोलवायचे होते आणि राज्याचा कायदा त्यांना तसे करू देत नव्हता. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाच्या बाजूने कौल दिला. कॅलिफोर्नियात उलटे घडले. तेथील मतदारांनी १९९६ साली सार्वमताने अशी पद्धत आणली की सर्व पक्षांचे इच्छुक एकाच मतपत्रिकेवर यावेत आणि मतदाराने एका पदासाठी डेमोक्रॅट तर दुसऱ्यासाठी रिपब्लिकन निवडला तरी चालावे. चार पक्षांनी एकत्र येऊन तिला आव्हान दिले आणि २००० साली सात विरुद्ध दोन मतांनी ती रद्द झाली. पक्षावर त्याच्या विरोधकांनी निवडलेला उमेदवार लादता येत नाही, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांच्या निकालपत्राचे म्हणणे होते.

त्यातून पळवाट म्हणून वॉशिंग्टन राज्याने २००४ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये जी पद्धत स्वीकारली तिच्यात प्रायमरी कोणत्याच पक्षाची उरत नाही. सर्व मतदार सर्व उमेदवारांमधून निवड करतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, नोव्हेंबरात लढतात. पक्षनोंदीचा प्रश्न येथे सुटतो, पण गणिताचा प्रश्न उभा राहतो. २०१२ साली कॅलिफोर्नियाच्या ३१ व्या मतदारसंघात चार डेमोक्रॅट उमेदवारांत मते विभागली गेली आणि पहिले दोन्ही क्रमांक रिपब्लिकनांना मिळाले. त्याच नोव्हेंबरात अध्यक्षपदासाठी ओबामांना स्पष्ट बहुमत देणाऱ्या त्या मतदारसंघात प्रतिनिधिगृहासाठी डेमोक्रॅट उमेदवारच नव्हता. अलास्काने २०२२ पासून चौघांना पुढे पाठवून नोव्हेंबरात पसंतीक्रमाने मतदान घेण्याचा मार्ग काढला, आणि २०२४ साली तो रद्द करण्याचा प्रस्ताव हजाराहूनही कमी मतांनी फेटाळला गेला.

विरोधकांच्या घुसखोरीची भीती राजकारणी मंडळी नेहमी बोलून दाखवतात, पण प्रत्यक्षात सीमा ओलांडणारा मतदार बहुधा खोडी काढायला आलेला नसतो. वायोमिंग हे रिपब्लिकनांचे हुकमी राज्य. तेथील डेमोक्रॅट मतदाराला नोव्हेंबरात काही ठरवता येत नाही. २०२२ साली ट्रम्प यांना उघड विरोध करणाऱ्या रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी यांना वाचवण्यासाठी अशा अनेकांनी पक्षनोंद बदलून त्यांना मत दिले. चेनी मोठ्या फरकाने हरल्या, म्हणजे त्या बदललेल्या नोंदींनी निकालावर काहीच परिणाम झाला नाही, तरी पुढच्याच वर्षी विधिमंडळाने मे महिन्यात उमेदवारी अर्ज सुरू झाल्यापासून ऑगस्टच्या प्रायमरीपर्यंत पक्ष बदलण्यास बंदी केली. मिसिसिपीत २०१४ साली मात्र परिणाम झाला. सिनेटर थॅड कॉक्रन पहिल्या फेरीत मागे पडले होते. त्यांनी कृष्णवर्णीय, एरवी डेमोक्रॅट असलेल्या मतदारांना आवाहन केले आणि दुसरी फेरी सुमारे साडेसात हजार मतांनी जिंकली. ज्यांच्या आजोबांना प्रायमरीच्या दारातून हाकलले गेले होते त्यांनी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन आपल्या राज्याचा सिनेटर ठरवला, याला घुसखोरी म्हणणे अवघड आहे.

खुल्या पद्धतीचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. बेळगावात वाढलेले आणि ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मकथनामुळे महाराष्ट्रात परिचित झालेले श्री ठाणेदार यांनी मिशिगनमध्ये २०१८ साली गव्हर्नरपदाची डेमोक्रॅटिक प्रायमरी लढवली आणि ते तिसरे आले. मिशिगनमध्ये पक्षनोंद नाही. ऑगस्टच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर शेजारीशेजारी छापलेले असतात; मतदाराने आडोशात कोणता रकाना भरला हे कोणालाही कळत नाही, फक्त दोन्ही रकान्यांत खुणा केल्या तर पक्षीय भागातली सगळी मते बाद होतात. अध्यक्षीय प्रायमरीत मात्र कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी हे लिहून द्यावे लागते आणि ती नोंद सार्वजनिक राहते. २०२२ साली डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघात नऊ उमेदवारांच्या प्रायमरीत ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. मतदारसंघ डेमोक्रॅटांचा असल्याने नोव्हेंबर ही औपचारिकता होती. बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या डेट्रॉइटला सुमारे सात दशकांत प्रथमच प्रतिनिधिगृहात कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही, आणि तेथील अनेकांना ते लागले. दार पूर्ण उघडे असूनही २८ टक्क्यांत निकाल लागतो, तेव्हा केवळ मतदारांची व्याख्या रुंद करून प्रश्न मिटत नाही, मतमोजणीचाही विचार करावा लागतो. न्यूयॉर्क शहराने २०२१ पासून प्रायमरीत पसंतीक्रम आणला तो याच विचाराने.

भारतात काँग्रेसने २०१४ साली लोकसभेच्या मोजक्या जागांवर, महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर येथे, अमेरिकेच्या धर्तीवर प्रायमरीचा प्रयोग केला होता. मतदार कोण, या पहिल्याच प्रश्नावर तो अमेरिकेपासून दूर गेला: पक्षाने आपल्याच पदाधिकाऱ्यांची यादी केली आणि तेवढ्यांनीच मत दिले. सार्वजनिक पक्षनोंद नसलेल्या देशात दुसरे काही शक्यही नव्हते, आणि प्रयोग पुढे चालला नाही.

अमेरिकेतही दार रुंद करण्याचे प्रयत्न अडखळतात. फ्लोरिडात बंद प्रायमरीला एक अपवाद १९९८ साली राज्यघटनेत घातला गेला. एखाद्या पदासाठी सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि नोव्हेंबरात विरोधक नसेल, तर ती प्रायमरी सर्व मतदारांसाठी खुली व्हावी, अशी ही तरतूद आहे. प्रत्यक्षात एखादा माणूस केवळ ‘मतदाराने हाताने नाव लिहावे’ अशा प्रकारचा उमेदवार म्हणून अर्ज भरतो, त्याचे नाव मतपत्रिकेवर छापलेही जात नाही, प्रचार तो करत नाही, पण कायद्याच्या लेखी विरोधक उभा राहिला म्हणून प्रायमरी बंद होते आणि हजारो मतदार बाहेर राहतात. २०२० साली सर्वांसाठी एकच प्रायमरी आणण्याच्या प्रस्तावाला ५७ टक्के मते मिळाली, आवश्यक होती ६० टक्के.

लुइझियाना तर उलट दिशेने निघाले आहे. तेथे १९७५ पासून बहुतांश काळ सर्व पक्षांचे उमेदवार सर्व मतदारांपुढे एकत्र उभे राहत; २०२४ च्या जानेवारीत झालेल्या कायद्याने २०२६ पासून सिनेट, प्रतिनिधिगृह आणि आणखी काही पदांसाठी पक्षीय प्रायमरी परत आणली. बिनपक्षाच्या मतदाराला तीत एका पक्षाची मतपत्रिका घेता येते, दुसऱ्या पक्षाच्या मतदाराला नाही. रिपब्लिकन सिनेटर बिल कॅसिडी २०१४ आणि २०२० साली जुन्या पद्धतीने निवडून आले. २०२१ साली महाभियोगात ट्रम्प यांना दोषी ठरवणारे मत त्यांनी दिले, आणि नव्या कायद्याने त्यांच्या पुढच्या निवडणुकीचा पक्षाचा उमेदवार ठरवण्याचे काम त्या मतदारांकडे दिले ज्यांच्यात राज्यातील डेमोक्रॅट नोंदीचा एकही मतदार नाही.